शेवंतीला कळी नाही, कांदा पोसत नाही, कोंबडी अंडं देत नाही? उजेडाच्या या चुका टाळा

विहिरीवरची केबल दुसऱ्यांदा चोरीला गेली तेव्हा मी वैतागून मोटारीच्या खोलीवर ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट लावला, संध्याकाळी सहाला चालू, सकाळी सहाला बंद, म्हणजे चोराला वाटावं की इथं कुणीतरी राखणीला आहे. चोर काही फिरकला नाही. पण दसऱ्याच्या आधी शेवंतीच्या तोडणीला आलेल्या मावशी म्हणाल्या, "दादा, ह्या कडंच्या सऱ्यांला कळीच न्हाई, खत कमी पडलं काय?" जाऊन बघितलं तर खोलीजवळच्या सहा सऱ्या नुसत्या हिरव्यागार, मांडीएवढ्या उंच, पानं तुकतुकीत, आणि कळी औषधाला नाही. सातवी-आठवी सरी अर्धवट, आणि दहाव्या सरीपासून पुढं झिपरी (ही शेवंतीची जात) पिवळीधमक.

आता खरी गंमत ऐका. ह्या सऱ्या मागं पडल्यात हे मला महिनाभर आधीच दिसत होतं, आणि मी काय केलं, तर दुकानातून ०:५२:३४ हे विद्राव्य खत आणून दोन फवारण्या घेतल्या, मग दुकानदाराने हातात एक टॉनिक ठेवलं ते पण मारलं. झाडं अजून माजली. उलगडा झाला तो पाण्याच्या टाकीमुळं. खोलीशेजारी काळी प्लास्टिकची टाकी आहे, रात्री दिव्याच्या उजेडात तिची सावली त्या सऱ्यांवर तिरकी पडायची, आणि बरोबर तेवढ्याच पट्ट्यात, दुसऱ्या सरीत हातभर आणि सहाव्या सरीत चांगली चार-पाच हात रुंद, कळ्याच कळ्या. तेच रोप, तेच पाणी, तेच खत. फरक एवढाच की त्या पट्ट्याला रात्र मिळाली होती आणि बाकीच्यांना नव्हती.

तेव्हापासून मी कुणाचंही झाड फुलत नसलं की आधी खताचं विचारत नाही, रात्री तिथं दिवा असतो का ते विचारतो. लोक येड्यात काढतात, काढू देत.

उजेड म्हणजे नुसतं जेवण नव्हे

सगळ्या चुकांच्या मुळाशी हीच एक चूक आहे. आपण शाळेत शिकतो की झाड उन्हात अन्न तयार करतं, आणि मग उजेड म्हणजे खाऊ, जास्त उजेड म्हणजे जास्त खाऊ, असं डोक्यात बसतं. पण झाडासाठी उजेड हे कॅलेंडर पण आहे. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, माझ्या फ्लडलाइटचा सरीत पडणारा उजेड फार तर दहा-वीस लक्स, त्यात झाडाचं पोट काय भरणार, काहीच नाही. पण "अजून दिवस मोठाच आहे, फुलायची वेळ आली नाही" एवढा निरोप द्यायला तेवढा उजेड भरपूर झाला.

हे कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड नावाचे दोघं कृषी खात्यात काम करायचे, त्यांच्याकडं मेरिलँड मॅमथ नावाची तंबाखूची जात होती, उन्हाळाभर नुसती उंच वाढायची, पानावर पानं, फूल नाही, आणि तीच हिवाळ्यात ग्रीनहाउसमध्ये लहानपणीच फुलायची. त्यांनी तापमान बघितलं, खत बघितलं, पाणी बघितलं (म्हणजे माझ्यासारखंच!), आणि शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात कुंड्या दुपारी चारला अंधाऱ्या खोलीत ढकलायच्या आणि सकाळी नऊला बाहेर काढायच्या असं सुरू केलं. झाडं फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे छापलं आणि त्याला फोटोपिरियॉडिझम नाव दिलं, आपल्या पुस्तकात दीप्तिकालिता म्हणतात, पण बोलताना कोणी म्हणत नाही.

पुढं १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी अजून एक गोष्ट दाखवली आणि ती जास्त कामाची आहे. काटेरी फळं कपड्याला चिकटतात असं एक तण असतं, त्यावर त्यांनी प्रयोग केले. दिवसात मधेच थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काही फरक पडेना, पण लांब रात्रीच्या मधे एक मिनिट जरी दिवा लावला तरी फूल रद्द. म्हणजे झाड दिवस मोजतच नाही, ते रात्र मोजतं, आणि ती रात्र सलग लागते. मधे तोडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे मोजायला पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, १९५९ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत ते पकडलं गेलं, आणि ते लाल उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतं. हा लाल रंग लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडचं गणित बघा. पुण्याला २१ जूनच्या आसपास दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि २२ डिसेंबरच्या आसपास अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तास. लंडनला हाच फरक पावणेनऊ तासांच्या आसपास जातो. म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याकडं दिवस-रात्रीचं काही विशेष नाही, सगळा खेळ पावसाचा आणि थंडीचा. पण आपली जुनी पिकं ह्या सव्वादोन तासांतच वाढलीत, त्यांना पंधरा-वीस मिनिटांचा फरकही कळतो.

शेवंतीवाल्यांच्या चुका

शेवंती लहान दिवसाची, म्हणजे खरं लांब रात्रीची. दिवस एका मर्यादेखाली गेला की ती कळी धरते, मर्यादा जातीप्रमाणे बदलते, साडेतेरा तास धरून चाला. आता सव्वातेरा तासांचा दिवस, त्यात पहाटेचं फटफटणं आणि तिन्हीसांजेचा उजेड मिळवला की जूनमध्ये आपण त्या मर्यादेच्या अल्याड-पल्याड असतो, आणि श्रावण-भाद्रपदात रात्र वाढली की सगळं शेत एकदम कळीवर येतं. म्हणून तर दसरा-दिवाळी साधते.

उघड्या शेतातली मुख्य चूक म्हणजे माझीच, दिवा. रस्त्यावरचा खांब, ढाब्याचा बोर्ड, शेजारच्या गोठ्यावरचा हॅलोजन. शेवंतीसाठी जागा निवडताना दिवसा जाऊन बघतो आपण, माती बघतो, पाणी बघतो, रात्री अकराला जाऊन कुणी बघत नाही. चंद्राची भीती बाळगू नका, पौर्णिमेचा उजेड अर्धा लक्सही भरत नाही.

पॉलिहाउसवाल्यांची गोष्ट उलटी. त्यांना आधी दांडा लांब हवा असतो, म्हणून लागवडीनंतर पहिले काही आठवडे रात्री मुद्दाम लाइट लावून झाडाला फुलू द्यायचं नाही, आणि मग लाइट बंद करून, गरज असेल तर काळं कापड ओढून, तेरा तासांच्या वर अंधार द्यायचा. यात होणाऱ्या गडबडी मी चार-पाच ठिकाणी बघितल्यात.

संध्याकाळी सहाला लाइट लावून दहाला बंद करणारे खूप आहेत, बिल तेवढंच येतं आणि उपयोग कमी, कारण त्यानंतर सलग आठ-नऊ तास रात्र उरतेच. तेच चार तास रात्री दहा ते दोन लावा, रात्रीचे दोन तुकडे होतात आणि कुठलाच तुकडा पुरेसा लांब राहत नाही. दुसरं म्हणजे बल्ब. जुने पिवळे तारेचे बल्ब वीज खायचे पण काम चोख करायचे, कारण त्यात लाल भरपूर. आता लोक स्वस्तातले निळसर पांढरे एलईडी आणतात, डोळ्याला लख्ख वाटतात, पण लाल कमी असल्यामुळं झाडाला ते तेवढे टोचत नाहीत, मग अर्धं बेड वेळेआधी कळी धरतं. लाल किंवा निदान वॉर्म व्हाइट घ्या. आणि शेंड्याच्या उंचीवर शंभर लक्सच्या आसपास उजेड सगळीकडं पडतोय का हे मोजा, मोबाइलमध्ये लक्स मीटरचं अ‍ॅप असतं, अगदी अचूक नसतं पण कुठला कोपरा मार खातोय तेवढं कळतं. एक बल्ब उडाला आणि आठवडाभर लक्षात आलं नाही तर नंतर त्या खाली गोल चकती दिसते, बुटकी झाडं आणि त्यावर कळ्या.

आणि वीज! शेतीच्या फीडरला थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असेल तर लाइटचं वेळापत्रक गेलंच म्हणून समजा. त्यातून बरेच जण साधा फिरतं चाक असलेला टायमर लावतात, तो वीज गेली की थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढं चालतो, दोन-तीनदा लाइट गेली की तुमचे रात्रीचे दहा प्रत्यक्षात पहाटेचे तीन झालेले असतात आणि कुणाला पत्ता नसतो. बॅटरी बॅकअपवाला डिजिटल टायमर घ्या, काही शेकड्यांची वस्तू आहे, आणि लाइट इन्व्हर्टरवर टाका, एलईडीला लागतंय किती.

काळ्या कापडाचं एकच सांगतो. दुपारी कापड ओढा, आत जा, पाच मिनिटं थांबा. शिवणीतून, कडेनं, भोकातून उजेडाच्या रेघा दिसायला लागतील. दिसल्या की शिवा. आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पाचलाच कापड ओढून आत भट्टी करू नका, उकाड्यानं कळी अडते आणि मग लोक म्हणतात अंधार देऊनही फुलेना.

बाल्कनीतल्या पॉइन्सेटियाला हाच नियम. नाताळात लाल असतो, पुढच्या वर्षी नुसता हिरवा, कारण हॉलची ट्यूब रात्री बारापर्यंत त्याच्यावर. ऑक्टोबरपासून दोनेक महिने रोज संध्याकाळी पाच-सहापासून सकाळी आठपर्यंत त्यावर खोका पालथा घाला, दिवसा भरपूर ऊन द्या. एक-दोन दिवस खोका विसरलात तर लाल यायला उशीर होतो, वारंवार विसरलात तर नाद सोडा.

शेवंतीला जे विष, ते ड्रॅगनला अमृत

सांगली, सोलापूरकडं ड्रॅगन फ्रूटवाल्यांच्या बागेत हिवाळ्यात रात्री दिवाळी असते, लांबून बघितलं तर वाटतं गाव वसलंय. ड्रॅगन मोठ्या दिवसाचं, म्हणजे रात्र लहान असली की फुलतं, आपल्याकडं उन्हाळा संपता संपता कळ्या सुरू होतात आणि दिवाळीच्या आसपास थांबतात. मग रात्री दहा ते दोन लाइट लावून झाडाला फसवायचं. व्हिएतनामच्या बिन्ह थुआन भागात हे कित्येक वर्षं चाललंय. लाइट तीच, वेळ तीच, शेवंती त्यानं थांबते आणि ड्रॅगन त्यानं निघतं. त्यामुळं बिगरहंगामी ड्रॅगनच्या शेजारी शेवंती घेणं म्हणजे भांडण विकत घेणं.

इथली चूक म्हणजे कडाक्याच्या थंडीत लाइट लावून वाट बघत बसणं. लाइट फक्त निरोप देते, कळी काढायला झाडात ताकद आणि हवेत ऊब लागतेच. आधीच्या हंगामात पन्नास फळं ओरबाडलेल्या वेलाला डिसेंबरात पुन्हा लाइट लावली तर बिल भरायचं, दुसरं काही नाही.

कांदा: बियाणं कुठलं, यावर सगळं

कांद्याचा गड्डा पोसायला लागतो तो दिवसाच्या लांबीवर, हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत असतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच भागात निवडलेलं बी आपण लावतो आणि ते बरोबर चालतं. आपला कांदा अकरा-बारा तासांच्या दिवसातही गड्डा धरतो. युरोप-अमेरिकेच्या उत्तरेकडचा गोड, मोठा कांदा चौदा-सोळा तासांचा दिवस मागतो. आता लोक ऑनलाइन फोटो बघून ते पाकीट मागवतात आणि गच्चीवर लावतात, पात जोमदार येते, कमरेला लागते, आणि खाली गड्डाच नाही. येणारच नाही, चौदा तासांचा दिवस महाराष्ट्रात उगवतच नाही. पात कापून झुणका करा आणि पुढच्या वेळी पाकिटावर शॉर्ट डे लिहिलंय का बघा.

उलटा किस्सा माझ्या मामेबहिणीचा. ती लंडनजवळ राहते, इथून जाताना नाशिकच्या कांद्याचं बी घेऊन गेली, तिकडं एप्रिलमध्ये बाहेर लावलं. जूनमध्ये फोन, "अरे, पात वीतभर पण नाही आणि खाली गोट्याएवढे कांदे झाले, पात माना टाकतेय, पाणी जास्त झालं का?" पाण्याचा काही संबंध नाही. तिकडं जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा. आपल्या कांद्यानं तेवढा दिवस बघितला आणि त्याला वाटलं उन्हाळा संपत आला, आटपा. पात वाढायच्या आधीच गड्डा बांधून मोकळा. परदेशातल्या मंडळींनी तिथल्याच बागेच्या दुकानातलं बी घ्यावं हे उत्तम, देशी चव हवी असेल तर मेथी-कोथिंबीर लावा.

आपल्याकडं खरीप आणि रब्बीचं बी वेगळं असतं ते उगाच नाही. खरिपाला बसवंत ७८०, एन-५३, अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड अशा जाती, रब्बीला एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण. रब्बीचं उरलेलं बी खरिपात टाकून बघू म्हणणाऱ्यांचा कांदा जाड मानेचा निघतो, गड्डा नीट पोसत नाही, आणि साठवायला तर अजिबात कामाचा नाही.

मात्र डेंगळे आले की ते पण दिवसाच्या लांबीवर ढकलू नका. डेंगळे मुख्यतः थंडीमुळं येतात, रोप थोडं मोठं झाल्यावर गारठ्यात सापडलं की ते फुलाचा दांडा काढतं, म्हणून रोप फार जून झाल्यावर लावू नये. लोकांची गल्लत इथंच होते, थंडीही हिवाळ्यात आणि लहान दिवसही हिवाळ्यात, मग कुणाचं पाप कुणाच्या माथी.

थोडक्यात काही

वाल, पावटा, गावठी घेवडा फेब्रुवारीत लावून "वेल मांडवभर माजला पण फूल नाही" अशी तक्रार दर उन्हाळ्यात येते. गावठी जाती रात्र लांबल्याशिवाय फुलत नाहीत, दिवाळीच्या आगेमागे आपोआप लागतील, तोवर युरिया टाकून अजून माजवू नका. वर्षभर हव्या असतील तर बुटक्या सुधारित जाती मिळतात, त्यांना दिवसाचं देणंघेणं कमी.

पालक उन्हाळ्यात पटकन दांड्यावर जातो ते मोठ्या दिवसामुळं, वर उकाडा. बी पातळ पेरा, लवकर कापा, दुसरा उपाय नाही.

सोयाबीन लहान दिवसाचं. पेरणी जुलैअखेरपर्यंत लांबली तर झाड लहान असतानाच फुलावर येतं, मग फांद्याच नाहीत तर शेंगा कुठं लागणार. बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन करणाऱ्यांना पण हेच, जानेवारीतल्या लहान दिवसात झाड बुटकं राहतं, ते रोग समजून फवारू नका, त्याऐवजी दाट पेरा.

उसाचा तुरा मात्र जरा थांबून बघायला पाहिजे. नोव्हेंबरात तुरा दिसला की लोक म्हणतात पाणी तुटलं, खत कमी पडलं, आणि डोस टाकतात. पण तुऱ्याचा निर्णय झालेला असतो ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा दिवस साडेबारा तासांच्या आसपास येतो आणि हवा दमट, रात्री उबदार असतात. तेव्हा ज्या उसाला पुरेशी कांडी सुटलेली असते तो ऐकतो, कोवळा ऊस ऐकत नाही. शेंड्यातला कोंब फुलाकडं वळला की वाढ थांबली, वरून कितीही खत द्या, ते तणाला जाणार. फार दिवस ठेवलात तर वरून पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, आतून दशी पडते म्हणजे ऊस पोकळ होतो, वजन घटतं. तुरा आला की तोडणीचा नंबर लवकर कसा लागेल ते बघा, बाकी सगळं वाया. (हेच उसाला फुलवणं पैदाशीसाठी हवं असतं, कोइमतूरला उसाची पैदास संस्था आहे त्याचं एक कारण तिथं ऊस छान फुलतो हेच.)

कोणतंही लक्षण दिसलं की आजची तारीख न बघता सहा-आठ आठवडे मागं जाऊन बघायची सवय लावा, मी तर डायरीत लिहून ठेवतो.

कोंबड्या: वाढवताना चढवू नका, अंड्यावर असताना उतरवू नका

कोंबडीला उजेड डोळ्यानं दिसतो तो वेगळा, पण अंड्याचा हिशोब ती मेंदूच्या आतल्या पेशींनी करते, उजेड कवटीतून थेट आत जातो. दिवस वाढतोय असं वाटलं की अंडाशय जागं होतं, दिवस आखूड होतोय वाटलं की अंडी बंद, पिसं झडायला सुरुवात. गावठी कोंबड्या हिवाळ्यात अंडी कमी करतात त्यामागं हे एक मोठं कारण आहे. खुडूक बसणं वेगळं बरं का, ते अंडी उबवायची ओढ म्हणून, त्याला दिवा लावून उपयोग नाही.

अंड्यावरच्या कोंबडीला सोळा तास उजेड पुरतो. डिसेंबरात आपल्याकडं अकरा तास नैसर्गिक मिळतो, सात ते सहा, म्हणजे पहाटे चार ते सात आणि संध्याकाळी सहा ते आठ लाइट. सगळे पाच तास संध्याकाळीच देऊन अकराला खटका बंद करणं ही चूक, अचानक अंधार झाला की कोंबड्या जिथं असतील तिथंच बसतात, दांडीवर चढत नाहीत, एकमेकींवर पडतात. सकाळी जास्त द्या, संध्याकाळी थोडा.

चोवीस तास लाइट लावली तर दोन अंडी देईल असं समजणारेही आहेत, आमच्या वाडीवरच एक आहेत. एक अंडं तयार व्हायलाच चोवीस ते सव्वीस तास लागतात, तिथं लाइट काय करणार. उलट भगभगीत उजेडात कोंबड्या एकमेकींना टोचायला लागतात. खाद्याच्या भांड्यापाशी दहा-वीस लक्स म्हणजे अगदी साधा मंद उजेड पुरतो.

तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांना) मात्र वाढीच्या काळात उजेडाचे तास वाढवायचे नाहीत, नाहीतर अंग तयार व्हायच्या आधीच अंड्यावर येतात, लहान अंडी, काहींचं अंग बाहेर येतं. वेळ आली की मग आठवड्याला अर्धा-अर्धा तास चढवत सोळापर्यंत न्यायचं. आणि एकदा चढवलं की उतरवायचं नाही. मी एकदा लग्नाच्या गडबडीत पाच-सहा दिवस टायमर बंद पडलेला बघितलाच नाही, त्यानंतरच्या आठवड्यात अंडी निम्म्यावर आली आणि मी खाद्यवाल्याशी भांडून आलो. नंतर माफी मागायला लागली ते वेगळंच.

म्हशीचंही असंच थोडंफार आहे, रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ सुटतं आणि पावसाळा सरता सरता म्हशी चांगल्या माजावर येतात, उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा. पण तिथं उकाडा आणि हिरवा चारा यांचाही तेवढाच हात असतो, त्यामुळं गोठ्यात दिव्यांचे प्रयोग करू नका, उन्हाळ्यात अंगावर पाणी मारा आणि पहाटे लवकर उठून माज बघा.

शेततळं: हिरवं पाणी रात्री काय करतं

शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांना हिरवं पाणी आवडतं, आवडायलाच हवं, ते हिरवं म्हणजे वनस्पती प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या अगदी बारीक वनस्पती), त्यावर प्राणी प्लवंग (तसेच बारीक जीव) जगतात आणि त्यांच्यावर कटला. पण हे हिरवं दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री घेतं, ही गोष्ट विसरली की तळं बसतं. दुपारी तीनला पाण्यात ऑक्सिजन भरपूर, सूर्य मावळला की उतरायला लागतो आणि सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या जरा आधी. आता श्रावणात तीन-चार दिवस आभाळ भरून राहिलं की दिवसाची कमाई कमी, रात्रीचा खर्च तेवढाच, रोज थोडी थोडी उधारी चढते आणि चौथ्या पहाटे मासे वर येऊन तोंड आ करून हवा ओढताना दिसतात. लोक म्हणतात पाण्यात कुणीतरी औषध टाकलं. नाही टाकलं हो.

चूक नेमकी इथं होते: एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) दुपारी चालवतात, कारण तेव्हा माणूस तळ्यावर असतो आणि वीजही. दुपारी पाण्यात आधीच ऑक्सिजन उतू जातोय, तेव्हा फेस काढून काय मिळणार. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा. एरेटर नसेल तर छोटा पंप लावून पाणी उंचावरून पुन्हा तळ्यातच फवाऱ्यासारखं पाडा. ढगाळ दिवसांत शेणखत, युरिया बंद, खाद्य कमी.

हिरवेपणा मोजायला साधी युक्ती, हात सरळ पाण्यात घाला, कोपरापर्यंत गेल्यावर तळवा दिसेनासा झाला तर ठीक. मनगटालाच बोटं गायब झाली तर पाणी फार घट्ट झालंय. आणि घट्ट झालं म्हणून घाबरून सगळ्या तळ्यावर एकदम शेडनेट ओढू नका किंवा शेवाळ मारायचं औषध एका दिवशी टाकू नका, सगळे प्लवंग एकदम मरतात, कुजतात, आणि उरलासुरला ऑक्सिजन ते कुजणंच खाऊन टाकतं. पाणी थोडं थोडं बदला.

प्राणी प्लवंग आहेत का बघायला लोक दुपारी बारा वाजता काठावर जाळी फिरवतात आणि काही नाही म्हणून पुन्हा शेण ओततात. अहो, ते बारीक जीव दिवसा उजेड टाळून खाली जातात, मासा डोळ्यानं शिकार करतो ना, आणि अंधार पडला की वर येतात. समुद्रात तर हे एवढ्या प्रमाणावर चालतं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या सोनार यंत्राला (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं ओळखणारं) समुद्राचा तळ रोज रात्री वर आल्यासारखा दिसायचा, तो तळ नव्हताच, वर चढणाऱ्या जिवांचा थर होता. उजेडाकडं मासळी गोळा होते हे कोकण-गोव्याच्या मच्छीमारांना कुणी शिकवायला नको, त्यावरूनच एलईडी मासेमारीची भांडणं पेटली आणि २०१७ मध्ये केंद्राला त्यावर बंदी घालावी लागली. तुमच्या तळ्यात जाळी फिरवायची तर रात्री आठ-नऊला फिरवा, बाटलीत पाणी घेऊन बॅटरी मारा, टुणटुण उड्या मारणारे पांढरे ठिपके दिसले की झालं.

दिवा लावायचाच असेल तर

मला केबलही हवी होती आणि शेवंतीही, त्यामुळं दिवा काढून टाकणं हा काही मार्ग नव्हता. फ्लडलाइट काढून १५ वॅटचा लावला, तोंड सरळ खाली, वर पत्र्याची टोपी, आणि हालचाल झाली तरच पेटणारा सेन्सर. कुत्रं गेलं, घूस गेली की मिनिटभर पेटतो आणि विझतो, शेवंती हॅमनर-बॉनरच्या त्या काटेरी तणाएवढी नाजूक नाही, मिनिटभराचं ती मनावर घेत नाही. सेन्सर बसवताना तो वाऱ्यानं हलणाऱ्या फांदीकडं बघणार नाही एवढं पाहा, माझा पहिले दोन आठवडे शेवग्याच्या फांदीमुळं रात्रभर पेटत होता, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न.

आणि बसवल्यावर रात्री अकराला सरीत जाऊन पेपर उघडा. मथळे सोडून खालचा बारीक मजकूर वाचता आला तर उजेड अजून जास्त आहे. मी ऑगस्टमध्ये पहिल्या सरीत उभा राहून वाचायचा प्रयत्न केला, काही दिसलं नाही, बायकोनं बांधावरून विचारलं की अंधारात पेपर घेऊन काय चाललंय.

त्या दसऱ्याला पहिल्या सरीपासून तोडणी झाली. केबल जानेवारीत पुन्हा गेली.